वर्गणीचे नाव आणि भांडवलाचा डाव

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात 'लघुउद्योग आणि भांडवल' या विषयावर बोलण्यासाठी मी गेलो होतो. भाषणानंतरच्या चर्चेत एका तरुण साथीने उभे राहून जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला तेथे पाच मिनिटांत नीट देता आले नाही. प्रश्न असा होता : "बड्या उद्योगपतींना बँका हजारो कोटींची कर्जे देतात आणि बुडाली की ती निर्लेखित करतात. खेड्यातल्या एखाद्या मुलीला पापडाचे यंत्र घ्यायचे असेल, तर मात्र तिच्याकडे तारण मागतात. अशा वेळी तिने इंटरनेटवरील एखाद्या मंचावर आपली योजना मांडली आणि हजार माणसांनी हजार-हजार रुपये घालून तिच्या उद्योगाचे भाग घेतले, तर ते भांडवलाचे लोकशाहीकरणच नव्हे काय? मग रोखेबाजाराचे जाचक नियम या मंचांपुरते सैल करावेत, या मागणीला समाजवाद्यांनी विरोध का करावा?"

सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्यांचे मला वैषम्य नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्यामागची चीडही खरी होती. परंतु ज्या शब्दांत तो विचारला गेला ते शब्द त्या तरुणाचे नव्हते. ते हे मंच चालविणाऱ्या कंपन्यांचे व त्यांच्या सल्लागारांचे होते. 'लोकशाहीकरण', 'लोकांचे भांडवल', 'सामान्यांना संधी' हे आपल्या चळवळीच्या कोशातले शब्द दुसऱ्याने उचलावेत, त्यांवर आपली नाममुद्रा उमटवून ते आपल्यालाच विकावेत आणि आपण टाळ्या वाजवून ते विकत घ्यावेत, ही गोष्ट मात्र काळजी करण्याजोगी आहे. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर म्हणूनच येथे सविस्तर देत आहे.

मागणी नेमकी काय आहे?

आजच्या कायद्याचा गाभा साधा आहे. कंपनीला जनतेकडून भांडवल गोळा करायचे असेल, तर तिने माहितीपत्रक प्रसिद्ध करावे, हिशेब तपासून घ्यावेत, सेबीच्या व शेअरबाजाराच्या छाननीतून जावे आणि त्यातील असत्य विधानांबद्दल प्रवर्तकांनी जबाबदार राहावे. ही सारी यातायात नको असेल, तर ओळखीच्या मोजक्या माणसांकडून पैसे घ्यावेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने व त्याखालील नियमांनी ही मर्यादा एका वर्षात २०० माणसांची ठेवली आहे. इंटरनेटवरील मंच मुळातच लाखो अनोळखी माणसांसमोर उघडलेला असतो. त्यावरून भागविक्री करणे म्हणजे जनतेला आवाहन करणेच होय, मग त्याला नाव कोणतेही द्या.

सेबीने १७ जून २०१४ रोजी या विषयावर एक विचारपत्र काढले होते. अशा मंचावरून एका कंपनीला वर्षभरात १० कोटी रुपयांपर्यंत रक्कम उभारू द्यावी, अशी त्यात कल्पना होती. सामान्य गुंतवणूकदारांची संख्या २०० च्या आत राहावी, त्यांचे वार्षिक उत्पन्न किमान १० लाख असावे, त्यांनी तीन वर्षे आयकराचे विवरणपत्र भरलेले असावे आणि एका कंपनीत कोणी ६० हजारांपेक्षा अधिक गुंतवू नये, अशा अटी सुचविल्या होत्या. हा प्रस्ताव नियमांत उतरला नाही. उलट ऑगस्ट २०१६ मध्ये सेबीने अशा अनधिकृत मंचांपासून सावध राहण्याचा जाहीर इशारा दिला. तेव्हापासून नवउद्योगांच्या वर्तुळातून अधूनमधून एकच मागणी डोके वर काढते : अमेरिकेने दार उघडले, युरोपने उघडले, आपणच मागे का?

आमच्या तरुण साथीने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१४ च्या त्या सावध प्रस्तावातसुद्धा पापडवाल्या मुलीच्या गावातील शेजारीपाजारी कोठेच बसत नव्हते. त्यांना आत घ्यायचे म्हणजे उत्पन्नाची अट काढायची. म्हणजेच नियम सैल करण्याचा खरा अर्थ, ज्याला तोटा सोसत नाही त्याच्यापर्यंत तोटा पोचविण्याची वाट मोकळी करणे, असा होतो.

वर्गणी वेगळी, भांडवल वेगळे

या मंचांचे पुरस्कर्ते इतिहासाचा दाखला देऊ लागले आहेत. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, हे उदाहरण हमखास येते. मराठी माणसाला त्याहून जुने उदाहरण ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना घेऊन गावोगाव हिंडून पैसा-पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे आपले बळ उभे केले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. मग आजचे मंच हे पैसा फंडाचेच नवे रूप नव्हे काय?

मुळीच नव्हे. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. वर्गणी देणारा परताव्याची अपेक्षा ठेवीत नाही. गावचे देऊळ, शाळेची खोली, संपकऱ्यांचा शिधा यांसाठी दिलेला रुपया हातातून सुटतानाच परत न येण्यासाठी सुटलेला असतो. पैसा फंडाला पैसा देणाऱ्याने लाभांशाचा हिशेब मांडला नाही आणि 'मंथन'साठी दोन रुपये देणाऱ्या शेतकऱ्याने तिकीटविक्रीच्या आकड्यांवर डोळा ठेवला नाही. अशा वर्गणीला आजही रोखेबाजाराचा कोणताही नियम आड येत नाही. कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी, नाटकासाठी वा पुस्तकासाठी इंटरनेटवरून मदत गोळा करण्यास सेबीची हरकत नाही.

परंतु "आज हजार द्या, पाच वर्षांनी दहा हजार होतील" असे म्हणताच ती वर्गणी राहत नाही. तेथे भांडवल आले, परताव्याचे वचन आले, वचनाबरोबर आशा आली आणि आशेबरोबर तिचा व्यापार आला. नियम हवे असतात ते या व्यापारासाठी. वर्गणीची पुण्याई पुढे करून भांडवलाच्या बाजारासाठी सवलत मागणे, हीच या मागणीतील मूळ लबाडी आहे.

कायद्यातले आकडे आकाशातून पडलेले नाहीत

रोखेविषयक कायद्याला 'जाचक' म्हणण्याची आज फॅशन आहे. या कायद्याची कलमे म्हणजे लोकांच्या बुडालेल्या पैशांवर उभारलेले दगड आहेत, हे सांगण्याची कोणाला आठवण राहत नाही.

अमेरिकेत १९३३ चा रोखे कायदा रूझवेल्ट यांनी केला तो हौसेखातर नव्हे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात तेथे विकल्या गेलेल्या सुमारे ५० अब्ज डॉलरच्या रोख्यांपैकी निम्मे कवडीमोल ठरले, अशी नोंद तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्या वेळी केली होती. आपल्याकडे १९४७ चा भांडवल उभारणी नियंत्रण कायदा १९९२ मध्ये रद्द झाला आणि कंपन्यांना आपल्या भागांची किंमत आपणच ठरविण्याची मुभा मिळाली. पुढच्या चार वर्षांत भागविक्रीचा जो महापूर आला, त्यात पैसे गोळा करून पत्त्यासकट अदृश्य झालेल्या दोनशेहून अधिक कंपन्यांची यादी पुढे सरकारलाच करावी लागली. कंपनीचे नाव होते, माहितीपत्रक होते, नव्हती ती फक्त कंपनी!

२००० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक व्यक्तींना केलेली भागविक्री ही सार्वजनिकच समजावी, असे कलम आले. या पन्नासच्या आकड्याचे महत्त्व देशाला कळले ते सहारा प्रकरणात. त्या समूहाच्या दोन कंपन्यांनी सुमारे तीन कोटी लोकांकडून २४ हजार कोटींच्या आसपास रक्कम गोळा केली आणि न्यायालयात सांगितले की, हा सारा आपल्या परिवारातील मंडळींपुरता खासगी व्यवहार आहे! तीन कोटींचा परिवार! सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी हा युक्तिवाद फेटाळला आणि व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश दिला. पन्नासचे ते कलम नसते, तर सेबीला कशाच्या आधाराने उभे राहता आले असते?

पर्ल्स समूहाच्या कंपनीचे उदाहरण याच जातीचे. आम्ही योजना चालवीत नाही, शेतजमीन विकतो, असे ती कंपनी वर्षानुवर्षे सांगत राहिली. १९९९ पासून सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये मार्गी लागला आणि २०१४ मध्ये सेबीने परतफेडीचा आदेश दिला, तेव्हा रक्कम झाली होती ४९ हजार १०० कोटी रुपये आणि गुंतवणूकदार होते साडेपाच कोटींहून अधिक. नियमाला एक फट राहिली की तिच्यातून किती माणसे खाली पडतात, याचे हे माप आहे. आणि आज आपल्याकडे फट ठेवण्याची नव्हे, दरवाजा काढून टाकण्याची मागणी होत आहे.

"माहिती दिली की झाले"

यावर उत्तर तयार असते. आता काळ बदलला. सर्व माहिती मंचावर खुली असेल, धोक्याचा इशारा ठळक अक्षरांत असेल. मग सज्ञान नागरिकाला आपला निर्णय घेऊ द्या, सरकारने पालक का व्हावे?

या युक्तिवादाबद्दल माझ्या मनात जो राग आहे त्याला एक खासगी कारण आहे आणि ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या लागवडीचे भाग विकणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. हजार रुपये द्या, वीस वर्षांनी पन्नास हजार घ्या, अशा त्यांच्या जाहिराती असत. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्राचा तरुण अधिव्याख्याता होतो. आमच्या महाविद्यालयातील एका वयस्क शिपायांना आम्ही सारे मामा म्हणत असू. ते एक दिवस असल्याच एका कंपनीचे माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. एवढा कागद वाचून सांगा, पैसे टाकू का?" मी तो कागद वाचला. त्यात पर्जन्यमानाचा तक्ता होता, झाडाच्या घेराचे गणित होते, सनदी लेखापालाची सही होती. मी म्हणालो, "कागद तरी ठीक दिसतो, मामा." मामांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन वीस हजार रुपये भरले. दोन-अडीच वर्षांत त्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागले. मामांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. निवृत्तीच्या दिवशीही ते माझ्यासाठी पेढे घेऊन आले होते.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधारकाला जो कागद वाचून खरे-खोटे कळले नाही, तो कागद मोबाइलच्या पडद्यावर आणला म्हणून पापडवाल्या मुलीच्या शेजाऱ्याला कळेल, असे मानणे ही त्याची क्रूर थट्टा आहे. आणि हा केवळ माझा अनुभव नाही. शेअरबाजारातील वायदे-व्यवहारांत दहापैकी नऊ जणांना तोटा होतो, असा इशारा सेबीने २०२३ पासून दलालांच्या प्रत्येक मंचावर दाखविणे सक्तीचे केले. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्याच पाहणीनुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि हा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. इशारा वाचूनही माणसे का उडी घेतात? पगार पुरत नाही, ठेवीचे व्याज महागाईत विरून जाते आणि शेजारच्याचा झालेला फायदा तेवढा कानावर येतो म्हणून. माहितीने अज्ञान जाते. गरज जात नाही.

अर्थशास्त्रात या विषयावर जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध प्रसिद्ध आहे. त्यातील मर्म आपल्या बैलबाजारात कोणीही सांगेल. बैलाची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक बैलाला मध्यम किंमत देऊ करतो. मग चांगल्या बैलाचा मालक तो घरी परत नेतो आणि बाजारात खोडीलच तेवढे उरतात. ज्या उद्योगाला बँकेने पारखून कर्ज दिले, ज्याला जाणत्या भांडवलदाराने पैसे दिले, तो या मंचावर येण्याची शक्यता कमी. सर्वांनी पाहून सोडलेला उद्योग शेवटी गर्दीसमोर येतो. तो लबाडच असेल असे नाही. पण त्याची जोखीम सर्वांत मोठी असते आणि ती घेणाऱ्याची ऐपत सर्वांत लहान.

बोट दिले की मनगट

"मर्यादा घालून तर सुरुवात करू," असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे नीट पाहावे. ओबामा यांनी ५ एप्रिल २०१२ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'जॉब्स' असा शब्द केला होता. रोजगाराचे नाव दिले की विरोध करणाऱ्याला बेकारांचा शत्रू ठरविता येते! तेथील रोखे आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा मेरी शापिरो यांनी, या कायद्याने गुंतवणूकदाराचे संरक्षण दुबळे होईल, अशी चिंता सिनेटला पत्र लिहून व्यक्त केली होती. तरी कायदा झाला. मे २०१६ पासून मंच सुरू झाले तेव्हा एका कंपनीला वर्षाला सुमारे १० लाख डॉलर उभारण्याची मुभा होती आणि सामान्य माणसाची मर्यादा ठरविताना त्याचे उत्पन्न व मालमत्ता यांपैकी जो आकडा लहान तो धरीत. पाच वर्षेही लोटली नाहीत तोच, मार्च २०२१ पासून, उभारणीची मर्यादा ५० लाख डॉलर झाली आणि माणसाची मर्यादा ठरविण्यासाठी लहान आकड्याऐवजी मोठा आकडा आला. एका शब्दाचा बदल आणि संरक्षणाची दिशाच उलटी! बोट दिले की मनगट धरले जाते ते असे.

चीनने तर हा प्रयोग आणखी मोकळेपणाने केला. तेथे इंटरनेटवरून माणसाकडून माणसाला कर्ज देणारे हजारो मंच उभे राहिले. भागविक्रीऐवजी कर्ज, एवढाच फरक. गर्दीच्या पैशाचे तत्त्व तेच. त्यांतील 'ईझूबाओ' या एका मंचाने सुमारे ९ लाख लोकांकडून ५० अब्ज युआन गोळा केले. त्यावरील ९५ टक्के प्रकल्प बनावट होते, असे २०१६ च्या प्रारंभी तेथील सरकारी वृत्तसंस्थेनेच सांगितले. नोव्हेंबर २०२० पर्यंत तेथे असा एकही मंच चालू राहिला नव्हता.

अडत्या आणि धनको

आता या व्यवहारात कोणाला काय मिळते ते पाहू. मंचाचे उत्पन्न येते कोठून? गोळा झालेल्या रकमेवरील टक्केवारीतून. उद्योग पाच वर्षांनी चालला की बुडाला, याचा त्या टक्केवारीशी संबंध नाही. ती पैसे जमा होताच वसूल झालेली असते. बाजार समितीतला अडत्या आपण ओळखतो. लिलाव पुकारला की त्याची अडत निघते. परंतु त्या अडत्याला परवाना लागतो, त्याच्या वजनकाट्याची तपासणी होते आणि शेतकरी उद्या त्याच्या गाळ्यासमोर उभा राहू शकतो. इंटरनेटवरील हा नवा अडत्या म्हणतो, मला अडत द्या, परवान्याचा जाच मात्र नको!

आणि भाग घेणाऱ्याला काय मिळते? स्कॉटलंडमधील 'ब्रूडॉग' या कंपनीची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. ती कंपनी बिअर बनविते. दारूबंदीच्या चळवळीत वाढलेल्या आमच्यासारख्याने तिचे उदाहरण द्यावे हे काहींना खटकेल, पण उदाहरण चोख आहे. २००९ पासून या कंपनीने आपल्या चाहत्यांना थेट भाग विकले आणि पुढे तिचे छोटे भागधारक दोन लाखांच्या घरात गेले. जनतेची कंपनी म्हणून तिचे कौतुक झाले. २०१७ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेने तिच्यात मोठा वाटा घेतला, तो अग्रहक्काचा होता. कंपनी विकली गेल्यास या संस्थेचे पैसे दरसाल १८ टक्के चक्रवाढीने आधी फेडायचे आणि मग उरलेल्यात चाहत्यांचा वाटा! श्रीमंताला जी संधी मिळते ती गरिबाला का नको, असे विचारणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. श्रीमंत केवळ भाग घेत नाही. तो करार घेतो, संचालक मंडळावर खुर्ची घेतो, हिशेबाच्या वह्या मागवितो आणि बाहेर पडण्याचा दरवाजा आधीच राखून ठेवतो. गर्दीला मिळतो तो एक ईमेल.

ज्याला मत नाही, माहिती मागण्याचे बळ नाही, भाग विकायला बाजार नाही आणि बुडताना पाळी शेवटची, त्याला भागीदार म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. लोकशाहीकरण झाले आहे ते जोखमीचे. मालकी आहे तेथेच आहे.

मग त्या मुलीचे काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाण्याचा अधिकार आपल्याला नाही. लघुउद्योगाला भांडवल मिळत नाही, हे तरुण साथीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण पापडाच्या यंत्राला भागभांडवल लागत नाही. लागते माफक व्याजाचे कर्ज, तारणाऐवजी हमी आणि मालाला खात्रीचे गिऱ्हाईक. त्यासाठीच १९५१ च्या कायद्याने राज्य वित्तीय महामंडळे निघाली, १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९० मध्ये लघुउद्योग विकास बँक आली आणि २००० मध्ये पतहमी निधी आला. यांपैकी अनेक वित्तीय महामंडळे राजकीय कर्जवाटपाने व पुढे भांडवलाअभावी नावापुरती उरली. त्यांना पुन्हा उभे करण्याची लढाई कठीण व रटाळ आहे. मंचाला परवानगी द्या म्हणणे सोपे व आधुनिक आहे. परंतु सरकारने आपली जबाबदारी झटकावी आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खिशावर टाकावी, याला समाजवाद्यांनी 'लोकशक्ती' म्हणू नये.

जरा मोठ्या कंपन्यांचे म्हणाल, तर २०१२ पासून शेअरबाजारात लघु व मध्यम उद्योगांसाठी सवलतीचा स्वतंत्र विभाग आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतील दुचाकी विकणाऱ्या, दोन दालने व आठ कर्मचारी असलेल्या एका कंपनीने तेथे सुमारे १२ कोटींची भागविक्री केली, तेव्हा मागणी आली ४,८०० कोटींच्या आसपास! पुढे सेबीला या विभागाचे नियम आवळावे लागले. पैशाचा दुष्काळ आहे म्हणून नियम सैल करा, असे म्हणणाऱ्यांनी हा पूर कोठून आला ते सांगावे.

आणि लोकांच्या भांडवलातून खरोखरच उद्योग उभारायचा असेल, तर त्याची वाट महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागांतून साखर कारखाना उभा केला. तेथेही शेकडो लहान माणसांचे पैसे होते, तेथेही जोखीम होती. परंतु भाग घेणारा ऊस पिकविणारा होता. कारखान्याचे धुराडे त्याला शेतातून दिसत होते. दहा भाग असलेल्याला आणि एक भाग असलेल्याला मत एकच होते. पैशाबरोबर आवाज गेला होता.

पुढे या सहकाराचे काय झाले, असा प्रतिप्रश्न येईल आणि तो रास्त आहे. साखरसम्राट निपजले, कारखाने कर्जात बुडवून कवडीमोलाने विकले गेले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांतील ठेवीदारांसाठी २०२३ मध्ये सरकारला परतफेडीची स्वतंत्र व्यवस्था उघडावी लागली. 'सहकार' हा शब्दही ठेवीदाराला वाचवीत नाही, हे मी मान्य करतो. परंतु या अनुभवातून निघणारा धडा कोणता? जेथे सभासदाचे मत, लेखापरीक्षण आणि नियमन ढिले पडले तेथे सहकार नासला. तेव्हा जेथे मत मुळातच नाही तेथे नियमनही ढिले करा, हा निष्कर्ष त्यातून निघू शकत नाही.

आपली भूमिका

म्हणून माझी सूचना अशी की, या मागणीबाबत आपण संदिग्ध राहू नये. भागभांडवल गोळा करणाऱ्या मंचांना रोखेकायद्यातून सवलत देण्यास आपण स्पष्ट विरोध करावा. सरकार तरीही तो मार्ग धरणार असेल, तर निदान चार अटींसाठी झगडावे. मंचाची अडत पैसे जमताच न मिळता उद्योगाच्या वाटचालीप्रमाणे टप्प्याटप्प्याने मिळावी. खोट्या माहितीबद्दल उद्योजकाइतकाच मंचही जबाबदार धरला जावा. छोट्या भागधारकांना मत आणि संचालक मंडळावर प्रतिनिधी असावा व पुढून येणाऱ्या बड्या भांडवलाला त्यांच्या डोक्यावरून अग्रहक्क देता येऊ नये. आणि मंचांच्याच पैशातून भरपाई निधी असावा. या अटी ऐकताच मंचवाले म्हणतील की, मग हा धंदाच परवडणार नाही. ते म्हणाले, तर त्यांच्या लोकशाहीकरणाची किंमत आपोआप कळेल.

मामा आता हयात नाहीत. त्यांचे वीस हजार कधीच परत आले नाहीत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला, सेबीने त्याच वर्षी सागाच्या योजनांना लगाम घातला. मामांसाठी दोन्ही उशिरा आले. त्यांच्या पैशांतून निदान ही दोन कलमे तरी उभी राहिली, असे मी मनाशी म्हणत असतो. तरुण साथींनी ती कलमे जाचक म्हणून खोडण्यापूर्वी, ती कोणाच्या पैशांनी लिहिली गेली आहेत, एवढे एकदा आठवावे.